टपावरून दोन-तीन कयाक नेताना: कॅरिअरची निवड आणि बांधणी

पुण्याहून कोलाडला कुंडलिका नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी, घेऊन उतरायचे असेल, तर पहाटे अंधारातच घर सोडावे लागते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्राकडून येणारे पाणी सकाळी सुटते आणि नदीला जोर असतो तो त्या काही तासांपुरताच. म्हणून कयाक आदल्या रात्रीच गाडीच्या टपावर चढवून बांधून ठेवण्याची आमची पद्धत पडली, आणि सोसायटीच्या मिणमिणत्या दिव्याखाली केलेल्या त्या बांधणीची कसोटी पुढे ताम्हिणीच्या वळणांवर लागत गेली. एकच कयाक असला तर दोन जाड गाद्या आणि दोन पट्टे एवढ्यावर भागते. दोन, तीन किंवा चार न्यायचे झाले की वजन, रुंदी, उंची आणि वारा या चारही गोष्टींचा हिशेब एकदम मांडावा लागतो, आणि त्यांपैकी एकीची सोय पाहिली की दुसरी बिघडते.

बहुतेक लोक ही खरेदी वरून खाली करतात. कयाक धरणारा एखादा देखणा पाळणा आधी पसंत करतात आणि मग तो आपल्या गाडीवर कसा बसवायचा याचा विचार करतात. निवड याच्या उलट, म्हणजे खालून वर व्हायला हवी: आधी टप, मग त्यावरच्या आडव्या दांड्या, त्यानंतर पाळणे आणि शेवटी पट्टे व दोर.

टपाचा आकडा

गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तिकेत टपावर किती वजन चालेल याचा आकडा दिलेला असतो. लहान हॅचबॅक गाड्यांना तो पुष्कळदा ५० किलो असतो, अनेक गाड्यांना ७५ किलो आणि काही मोठ्या गाड्यांना १०० किलो. हा आकडा चालत्या गाडीचा आहे, हे नीट लक्षात घ्यावे. उभ्या गाडीचे टप याच्या कितीतरी पट भार पेलते, म्हणून तर टपावर तंबू ठोकून त्यात दोन माणसे झोपू शकतात. परंतु ब्रेक दाबल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर आणि समोरून वारा बसल्यावर तेच वजन टपाला व दांड्यांच्या पायांना उपटू पाहते. तेव्हा एखाद्या दुकानदाराने ‘यावर दोन माणसे उभी राहिली तरी काही होत नाही’ असे सांगितले, तर ते खरे असूनही आपल्या कामाचे नाही.

पुस्तिकेत आकडाच सापडत नसेल किंवा टपावर काहीही लादू नये असे लिहिले असेल, तर अंदाजाने पुढे जाऊ नये. काचेचे मोठे छत असलेल्या गाड्यांबाबत ही खातरजमा विशेष काळजीने करावी.

दुसरी गोष्ट अशी की या आकड्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरायचे असते. शिवाय दांड्यांच्या उत्पादकाची वेगळी मर्यादा असते आणि प्रत्येक पाळण्याची आणखी वेगळी. या सगळ्यांत जी सर्वांत कमी असेल तीच आपली मर्यादा. हा हिशेब कागदावर मांडून पाहिला की उत्साह जरा जमिनीवर येतो. आमच्याकडे वेगवान पाण्यातले दोन आखूड प्लॅस्टिकचे कयाक होते, प्रत्येकी २० किलोचे, आणि वर बसून चालवायचा तीन मीटर लांबीचा एक, २४ किलोचा. झाले ६४ किलो. पायांसह दोन दांड्या ६ किलो, कयाक टेकवायचे उभे खांब ४ किलो, पट्टे आणि दोर १ किलो. बेरीज बरोबर ७५ किलो, आणि गाडीची मर्यादाही ७५. कागदावर जमले म्हणून आम्ही खूश होतो. पण पावसाळ्यात उताण्या कयाकच्या पोटात दहा लिटर पाणी साचले की तिथेच दहा किलो वाढले, ही गोष्ट हिशेबात नव्हती. खडबडीत रस्त्यांसाठी टपाची मर्यादा दीडने भागून घ्यावी, असा सल्ला ऑस्ट्रेलियातील ऱ्हायनो-रॅकसारखे उत्पादक देतात. त्या हिशेबाने ७५ चे ५० उरतात. पावसाळ्यानंतरचा घाटरस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला हा भागाकार अतिशयोक्त वाटणार नाही.

शेवटी आम्ही टपावर दोनच कयाक ठेवले आणि तिसऱ्यासाठी हवा भरून फुगवायचा कयाक घेतला, जो घडी करून डिकीत मावतो. तो खळाळत्या पाण्याच्या कामाचा नाही. मुळशीच्या किंवा पवनेच्या संथ पाण्यात मात्र मुले तोच मागतात. वजनाचा प्रश्न कॅरिअर बदलून सुटत नसेल तर कयाक बदलून सुटतो का, हे पाहण्यात कमीपणा नाही.

रेलिंग खरी की शोभेची

दांड्या टपावर कशाला धरून बसतात, यावर पुढचे सगळे उभे असते. काही गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना उंच रेलिंग असते आणि तिच्याखालून बोटे आरपार जातात; काहींची रेलिंग टपाला चिकटलेली, सलग असते; काहींच्या टपात झाकणाखाली लपवलेली स्क्रूची ठरावीक ठिकाणे असतात; आणि उरलेल्यांना यांपैकी काहीच नसते, म्हणून दांडीचे पाय दाराच्या वरच्या चौकटीत चिमट्यासारखे अडकवावे लागतात. या प्रत्येक प्रकारासाठी पाय वेगळे असतात. ते आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि वर्षासाठी बनवलेले आहेत की नाही, हे उत्पादकाच्या यादीत पाहूनच घ्यावे. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ असे लिहिलेली वस्तू कयाकसाठी घेऊ नये. तिच्यावर एखादी वळकटी बांधली तर ठीक.

आपल्याकडे याहून मोठी फसगत रेलिंगमध्येच असते. आपल्या बाजारातील पुष्कळ छोट्या एसयूव्हींच्या टपावरची रेलिंग केवळ शोभेची असते. ती चिकटवलेली किंवा दोन-चार क्लिपांवर बसवलेली असते आणि तिने वजन पेलावे अशी कोणाची अपेक्षाच नसते. आमच्या पहिल्या कॅरिअरची गोष्ट अशीच झाली. दुकानात ते त्या रेलिंगवर घट्ट आवळून दिले, हाताने ओढून दाखवले, आणि आम्हीही समाधानाने पैसे मोजले. ताम्हिणीत तिसऱ्या-चौथ्या तीव्र वळणानंतर टपावरून करकर आवाज यायला लागला म्हणून थांबून पाहिले, तर पुढची दांडी रेलिंगच्या एका टोकासकट दोन बोटे सरकलेली होती. दोन्ही कयाक उतरवून, एक मागची सीट पाडून आत तिरपा घालून आणि दुसरा वाटेतल्या एका ओळखीच्या घरी ठेवून आम्ही परतलो. तेव्हापासून माहितीपुस्तिकेत रेलिंगचा स्पष्ट उल्लेख वाचल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही, असा घरात नियम आहे.

टपाला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून कॅरिअर बसवून देणारे कारागीर गावोगाव भेटतात आणि त्यांचे काम मजबूतही असते. परंतु गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कक्षेत जाते, आणि भोकातून शिरलेल्या पाण्याने टप गंजते ते वेगळेच. चिमट्याने बसणारे आणि काढून ठेवता येणारे कॅरिअर हाच घरगुती गाडीसाठी योग्य मार्ग आहे.

दांड्यांची लांबी आणि अंतर

क्रॉसबार, म्हणजे आडव्या दांड्या, चौकोनी पोलादी असतात किंवा विमानाच्या पंखासारख्या चपट्या ॲल्युमिनियमच्या. चौकोनी दांडी स्वस्त पडते, तिच्यावर पाळणे सरकत नाहीत, पण वाऱ्यात ती शीळ घालते. चपटी दांडी शांत असते, आणि तिच्या वरच्या खाचेत पाळण्याचे बोल्ट थेट बसतात. कोकणच्या खाऱ्या हवेत पोलादी दांडीच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी निघाली की गंज आतून चढतो; समुद्रावर वारंवार जाणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा जास्तीचा खर्च करावा.

कयाक किती मावतील हे दांडीच्या वापरण्याजोग्या लांबीवर ठरते. आडवा, पालथा ठेवलेला कयाक ६० ते ७५ सेंटिमीटर जागा घेतो. म्हणजे १२० सेंटिमीटरच्या दांडीवर तसा एकच नीट बसतो आणि दुसऱ्यासाठी ओढाताण होते. तोच कयाक कुशीवर उभा केला की ३५ ते ४० सेंटिमीटरांत मावतो. त्यामुळे १२० सेंटिमीटरवर तीन कयाक कुशीवर बसतात, चौथा बसत नाही. चौथ्यासाठी लांब दांडी घ्यावी असे मनात येते, पण दांडी किंवा कयाक गाडीच्या अंगाबाहेर येता कामा नये. हे केवळ डोके आपटू नये म्हणून नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार भार गाडीच्या बाजूबाहेर, किंवा पुढे, मागे वा उंचीला परवानगीपेक्षा जास्त आला, तर कलम १९४ (१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे, आणि तो भार उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी येतो.

दोन दांड्यांमधील अंतर किमान ६० सेंटिमीटर हवे आणि गाडी मुभा देईल तितके अधिक ठेवावे. अडीच-तीन मीटरच्या आखूड कयाकला लहान हॅचबॅकचे टप पुरते. समुद्रावरचा पाच मीटरचा निमुळता कयाक मात्र त्याच टपावर सी-सॉसारखा हेलकावतो, कारण त्याची दोन्ही टोके हवेत लांबवर लोंबत असतात. तिथे पुढचे-मागचे दोर ऐच्छिक राहत नाहीत.

पाळणे: आडवे, तिरपे की खांबाला टेकून

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. एकापेक्षा अधिक कयाकसाठी साधारण तीन मांडण्या आहेत.

पहिली मांडणी म्हणजे खोगिरासारख्या खोलगट पाळण्यांत कयाक आडवा ठेवणे. वारा कमी बसतो, चढवणे सोपे जाते. परंतु जागा फार जाते. रुंद टपाच्या मोठ्या गाडीवर दोन अरुंद कयाक असे नेता येतात, त्यापुढे नाही. प्लॅस्टिकचा कयाक आडवा ठेवून पट्टा करकचून आवळला आणि गाडी एप्रिल-मेच्या उन्हात उभी केली, की मऊ झालेल्या पॉलिएथिलीनवर दांडीचे वळ उठतात. तळाला पडलेला असा खळगा पाण्यात कयाकची चाल बिघडवतो. तो उन्हात ठेवून पुष्कळदा भरून येतो, पण नेहमीच नाही.

दुसरी मांडणी इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या पाळण्यांची. कयाक त्यात कुशीवर तिरपा टेकतो. कयाकची कूस ही त्याच्या तळापेक्षा कडक असते, म्हणून या मांडणीत तो वाकत नाही. टपाच्या दोन्ही बाजूंना एकेक जोडी लावली की दोन कयाक सुखाने जातात, आणि प्रत्येक जण आपापल्या बाजूने आपला कयाक चढवू-उतरवू शकतो. दोनच कयाक असलेल्या कुटुंबाला मी डोळे मिटून हीच मांडणी सुचवीन. घडी होणारे पाळणे थोडे महाग असतात, पण रिकामी गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये नेताना ती घडी कामी येते. दोष एवढाच की कयाक पाळण्याच्या ओठावरून उचलून आत टाकावा लागतो, आणि उंच गाडीवर २५ किलोचे धूड डोक्याच्याही वर न्यायला दोन माणसे लागतात. एकट्यानेच चढवायचे असेल तर मागच्या काचेवर जाड सतरंजी टाकून कयाकचे पुढचे टोक तिच्यावर टेकवावे आणि मागून ढकलत वर न्यावा. त्यासाठी मागची दांडी टपाच्या जितकी मागे असेल तितके बरे.

तिसरी मांडणी तीन-चार कयाकसाठी आहे, आणि ‘अनेक’ या शब्दाला खरी तीच पुरते. प्रत्येक दांडीच्या मध्यावर एक उभा खांब लावायचा, ज्याला दुकानात स्टॅकर म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही अंगांना कयाक कुशीवर उभे करून टेकवायचे. रचना अगदी साधी, वजनाला हलकी आणि पाळण्यांपेक्षा स्वस्त. एकाची फुगीर बाजू दुसऱ्याच्या खोलगट भागात बसेल अशी अदलाबदल करून पाहावी; दोन-तीन वेळा फिरवून पाहिल्यावर जोडी जमते आणि जागाही वाचते. सर्वांत जड कयाक खांबालगत ठेवावा. संख्या तीन असेल तर एका बाजूला दोन आणि दुसरीकडे एक असे होणारच; तेव्हा शेवटचा, सर्वांत बाहेरचा कयाक डाव्या बाजूला राहील असे पाहावे, म्हणजे वाटेत थांबून पट्टे तपासताना आपण रहदारीकडे पाठ करून उभे राहत नाही. प्रत्येक कयाकला त्याचे स्वतःचे दोन पट्टे हवेत. सगळ्यांवरून मिळून एकच लांब पट्टा टाकला, तर मधला कयाक सरकताच बाकीचेही सैल होतात, आणि उतरवताना एक सोडला की उरलेले अंगावर येतात.

या मांडणीचा मोठा दोष उंची. गाडी १.७ मीटरची धरली, तिच्यावर दांडी १० सेंटिमीटर आणि कुशीवर उभा कयाक ७० सेंटिमीटर, तर एकूण उंची अडीच मीटर होते. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या तुळया, मॉलचे पार्किंग, रेल्वेखालचे छोटे बोगदे आणि उंची रोखणाऱ्या लोखंडी कमानी यांपैकी कशाचाही नेम नाही. दांड्यांसकट भरलेल्या गाडीची उंची एकदा टेपने मोजून तो आकडा चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवावा. तीन महिन्यांनी आपल्या टपावर काही आहे हे माणूस हमखास विसरतो.

पाच-सहा कयाक न्यायचे असतील तर टपाचा नाद सोडावा. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते, आणि घरगुती गाडीमागे तो ओढण्याची आपल्याकडे सवय नाही. कोलाडसारख्या ठिकाणी जाणाऱ्या आखूड कयाकसाठी भाड्याचा छोटा हत्ती पुरतो, कारण त्याचा हौदा सुमारे ७ फुटांचा असतो. समुद्रावरच्या लांब कयाकसाठी मोठा टेम्पो बघावा.

पट्टे, दोर आणि गाठी

पट्टा २५ मिलिमीटर रुंदीचा, पॉलिएस्टरचा आणि साध्या दाबाच्या, म्हणजे कॅम बकलचा घ्यावा. नायलॉन भिजला की ताणतो आणि पावसात निम्म्या वाटेत सैल पडतो. पॉलिएस्टर तसा ताणत नाही. मालवाहू ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा, म्हणजे दांडा वर-खाली करून दात्यांवर आवळायचा पट्टा कयाकसाठी नको. त्याच्या दांड्याला एवढा जोर येतो की कवच चेपल्याचे आपल्या हाताला कळतही नाही. कॅम बकलचा पट्टा एका हाताने पूर्ण जोर लावून ओढावा आणि तेवढ्यावर थांबावे. बकलखाली रबराचा तुकडा नसेल तर जुन्या चपलेचा तळ कापून घालावा, नाहीतर दार बंद करताना ते लोखंड रंगावर आदळते. चालत्या गाडीत पट्टा भुंग्यासारखा घूं-घूं करू लागतो. त्याला मध्ये एक पीळ दिला की तो गप्प बसतो.

पट्टा दांडीखालून फिरवून आणावा, पाळण्याच्या प्लॅस्टिकमधून नव्हे. पाळणा तुटला तरी कयाक दांडीला बांधलेला राहिला पाहिजे. उरलेले शेपूट मोकळे सोडू नये; ते काचेवर चाबकासारखे फटके मारते.

पुढचा दोर कयाकच्या टोकापासून बॉनेटच्या दोन्ही कडांकडे उलट्या व्ही आकारात यावा. बंपरच्या प्लॅस्टिकला तो बांधू नये. बॉनेटखाली चिखलपट्टीच्या बोल्टमध्ये अडकवून बाहेर काढायचे कापडी फासे मिळतात, ते उत्तम. मागच्या बाजूला गाडी ओढण्याचा हूक चालतो. दोर ताठ असावा, पण एवढा नव्हे की कयाकचे टोक खाली वाकेल. या पुढच्या दोराचा आणखी एक फायदा आहे, ज्यासाठी मी तो आखूड कयाकलाही बांधतो: चालकाला तो सतत डोळ्यांसमोर दिसतो, आणि टपावर काही हलले की सर्वांत आधी तोच सैल पडून खबर देतो.

बांधून झाल्यावर खुंटा हलवून बळकट करावा, तसे दोन्ही टोके धरून कयाक आडवा-उभा जोराने हलवावा. गाडी कयाकबरोबर डुलली पाहिजे. कयाक एकटाच डुलत असेल तर पट्टे कमी पडले आहेत, आणि कयाकसकट दांडी डुलत असेल तर दोष पायांत आहे. रात्री बांधलेले पट्टे पहाटे दवाने आणि गारव्याने थोडे ढिले झालेले असतात. निघण्याआधी ते पुन्हा ओढावेत, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर एकदा, घाट सुरू होण्याआधी एकदा, असे थांबून पाहावे. पौडला चहासाठी थांबायचेच असते, तेव्हा हे काम वेगळे वाटत नाही.

वेगाचा हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यावर तो दीडपटीहून अधिक होतो. द्रुतगती मार्गावर मोठा कंटेनर शेजारून गेला की कुशीवर उभ्या कयाकला बसणारा बाजूचा झटका स्टिअरिंगवर जाणवतो. ताशी ८० च्या आत राहावे आणि मागे लोंबणाऱ्या टोकाला लाल फडके बांधावे. अंधार असेल तर लाल दिवा.

मालवण किंवा तारकर्लीहून परतल्यावर कयाकआधी कॅरिअर गोड्या पाण्याने धुवावे, पायांचे स्क्रू काढून त्यांना किंचित ग्रीस लावावे आणि दांड्या घरात आणून ठेवाव्यात; रिकाम्या दांड्याही वारा अडवतात आणि पेट्रोल पितात. पट्टे मात्र वेगळ्या पिशवीत ठेवावेत, कारण शेवटचा पट्टा नेमका घरी राहिला आहे हे आमच्या लक्षात आजवर नेहमी नदीकाठीच आले आहे.